पाच नंबरची ओळ

३ एप्रिल, रविवार

पोचलो एकदाचा एल आल्तोला. नाक लाल, कान बधिर, इतक्या उंचीवर जिना चढलो की छातीचा भाता होतो. पण मन मात्र तुडुंब भरलेलं. कोचाबांबाहून येताना शेजारणीच्या टोपलीतली कोंबडी माझ्या मांडीवर मान टाकून झोपली होती. तो मी शुभशकुन मानला.

खोली झकास आहे. खाली दोन्या बासिलियाचा भरतकामाचा कारखाना, वर पत्र्याखाली मी. एका खिडकीतून इयिमानी शिखराचा बर्फ, दुसरीतून ला पासकडे झुलत उतरणाऱ्या केबलकारच्या लाल पेट्या. दोन्या म्हणजे बाईसाहेब, आणि ही बासिलिया म्हणजे दोन वेण्या, गोल हॅट आणि घेरदार घागरा यांच्या आत बसवलेली एक हुकमी बाई. मला पाहताच म्हणाली, कोचाबांबाकर ना तू, म्हणजे आधी जेवणार आणि मग काम विचारणार. मी म्हटलं, दोन्या, काम विचारायला विसरलो तर चालेल, जेवायला विसरलो तर आमच्या गावाची अब्रू जाईल. हसली. जांभळ्या मक्याची गरम पेज, आपी, आणि चीज भरलेली फुगीर पुरी पुढ्यात आली.

ही वही नाइदामुळे. ती म्हणायची, डोकं तापलं की तोंड उघडू नकोस, वही उघड. माझं डोकं तापतं हे काही गुपित नाही. तिसऱ्या वर्षाला असताना प्राध्यापकाने चारचौघांत माझी आणि माझ्या बापाच्या मक्याच्या शेताची टर उडवली, मी त्याचं टेबल उलथं केलं आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर पडलो तो पुन्हा आत गेलो नाही. त्याआधी गिटार अर्धी सोडली, त्याआधी मामाची बेकरी. नाइदा नर्सिंग शिकायला इकडे आली तेव्हा बसस्थानकावर स्वतःचा हिरवा लोकरी स्कार्फ माझ्या गळ्यात गुंडाळून म्हणाली, लिंबर्त, सुरू केलेली एक तरी गोष्ट पुरी करून दाखव, मग आपण आपलं बोलू.

तर आलोय. तिची खोली इथून चार गल्ल्यांवर आहे. ही गोष्ट पुरी करणार आणि मगच तिच्या दारात जाणार.

५ एप्रिल, मंगळवार

काम समजून घेतलं. कारखान्यात एक जुनं भरतकामाचं यंत्र आहे, अनेक सुयांचं, पलंगाएवढं. ते कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतं, आणि तो हुकूम पोचवायला हातभर लांबीचं एक कार्ड लागतं. ते कार्ड आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरात बसत नाही. वीस वर्षांपूर्वीचा मदरबोर्डच हवा. जुना कॉम्प्युटर गेल्या वर्षी जळला. कार्ड आणि हार्ड डिस्क तेवढी वाचली. मी जुने सुटे भाग जमवायचे, त्यातून नवा जुना कॉम्प्युटर उभा करायचा आणि यंत्र चालू करायचं.

घाई आहे. ग्रान पोदेरच्या उत्सवात नाचणाऱ्या मोरेनादा मंडळाचे झगे भरायचेत. प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी जरीचा ड्रॅगन. पहिला झगा चौकटीला तसाच ताणलेला आहे: डोकं आणि एक पंख झालाय, पुढे कोरी मखमल.

हे सगळं चालवायचा तो तिचा मुलगा, रेनान. गेल्या वर्षी गेला. दोन्याने हे बटाटे सोलता सोलता सांगितलं, बाहेर वारा सुटलाय म्हणावं तशा सुरात. 

भिंतीवर खिळ्याला एक कात्री आहे. दोरा कापायला घेतली तर कापेचना, नुसती चावते. डावखुऱ्या माणसाची कात्री. दोन्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, घागऱ्याच्या टोकाने पुसली आणि परत खिळ्याला लावली.

७ एप्रिल, गुरुवार

आज बाजार. गाड्यांचे आरसे, बाहुल्यांचे हात, नळ, टीव्हीची पोटं, सगळं जमिनीवर पसरलेलं. एका म्हातारीच्या ढिगाखाली मला हवा तो बोर्ड मिळाला, काळ्या लांब खाचांचा. मी नाक मुरडून म्हटलं, मावशी, हा तर मेलेला दिसतोय. ती म्हणाली, हा माझ्या नवऱ्याहून म्हातारा आहे रे राजा, आणि त्याच्याहून जास्त काम करतो. पाहिजे तर दोघंही ने. बोर्ड घेतला, नवरा राहू दिला.

पेटी एकीकडून, वीजपुरवठा दुसरीकडून, रॅम तिसरीकडून. संध्याकाळी जोडणी झाली. माझ्या हातांना हे काम आवडतं. इथे कुणी टर उडवत नाही. स्क्रू बसतो किंवा बसत नाही.

८ एप्रिल, शुक्रवार

आज चाया. घरात कुठलीही नवी वस्तू आली, मग ती मोटार असो की शिलाई मशीन, की तिला दारू शिंपडून, धरतीला तिचा घोट पाजून, रंगीत कागदांनी सजवल्याशिवाय वापरत नाहीत. दोन्या अल्कोहोलची बाटली घेऊन थेट कॉम्प्युटरच्या उघड्या पोटावर! मी ओरडलो, दोन्या, आत वीज आहे, दोघंही वर जाऊ. ती म्हणाली, धरतीला न विचारता चालू केलंस तरी वरच जाशील, कसं जायचं ते ठरव. शेवटी तह झाला: पेटीच्या चार कोपऱ्यांवर थेंब, उरलेलं माझ्या घशात. कारखान्यातल्या बायकांनी माझ्याच डोक्यावर कागदाच्या टिकल्या उधळल्या.

बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू. पडद्यावर ढगांचं जुनं चित्र आलं. मी दोन्याला उचलायला गेलो, पण ती काही उचलण्यासारखी वस्तू नाही.

११ एप्रिल, सोमवार

फार लवकर नाचलो.

यंत्राचं कार्ड बसवलं, ड्रायव्हर घातला, आणि नावापुढे पिवळी खूण. दुखणं साधं आहे. प्रत्येक कार्डाला बोर्डाशी बोलायला एक ओळ लागते, आणि ओळींना नंबर असतात. एका ओळीवर दोघं बोलायला लागले की दोघंही मुके. यंत्राच्या कार्डाला पाच नंबरचीच ओळ लागते. रेनानने त्यावर डाख देऊन ती कायमची पक्की करून ठेवलीय. आणि पाचवर आधीच आवाजाचं कार्ड बसलंय. मग काय, आवाजाचं कार्ड काढून फेकलं. पिवळी खूण तशीच. प्रिंटरची जोडणी बंद केली. तशीच. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन पाच नंबर या कार्डासाठी राखून ठेवला. तशीच!

पेटीला लाथ घातली. अंगठा सुजलाय. दोन्या म्हणते, लोखंडाला लाथ मारणारा पहिला शहाणा तू नाहीस, रेनानही मारायचा.

१३ एप्रिल, बुधवार

आज बोर्डावरून काढता येण्यासारखं सगळं काढलं. फक्त पडदा, डिस्क आणि ते एक कार्ड. तरीही यादीत लिहून येतं की पाच नंबरची ओळ दुसऱ्या उपकरणाकडे आहे. कुठलं दुसरं? आहे कुठे? त्या जागी नुसतं: अनोळखी उपकरण. नाव नाही, कंपनी नाही. मी ते यादीतून पुसलं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पडद्यावर आलं: नवीन हार्डवेअर सापडले.

मी काही लावलेलं नसताना.

बाजारचा माल. बोर्डात दोष असणार. उद्या दुसरा बघतो.

१५ एप्रिल, शुक्रवार

काल आणलेल्या दुसऱ्या बोर्डावरही तेच. ओळ पाच, अनोळखी उपकरण. म्हणजे ते बोर्डात नाही, कार्डात आहे.

मी दोन्यावर भडकलो, म्हटलं, तुझ्या मुलाने या कार्डात काय करून ठेवलंय? ती कोकाची पानं गालात सारत म्हणाली, करून नाही ठेवलं पोरा, तो राहिलाय.

रेनान इथेच गेला. ड्रॅगनचा दुसरा पंख सुरू करताना. हात पेटीत, कार्डावर होता, वीज आली. अंगाला असा झटका बसला की माणसाचा अहायू, म्हणजे त्याचा जीवात्मा, दचकून बाहेर पडतो आणि जवळ जे असेल त्यात शिरतो. जिवंत माणूस दचकला तर त्याचे कपडे हातात घेऊन, नावाने हाका मारून त्याला अंगात परत आणतात. हे माझ्या आजीनेही माझ्यासाठी केलं होतं, मी गाढवावरून पडलो तेव्हा. पण रेनानला परत यायला अंगच उरलं नव्हतं. दोन्या म्हणाली, तो धड आतही नाही, बाहेरही नाही, उंबऱ्यात अडकलाय, म्हणून तुझं यंत्र अडलंय. त्याला नीट आत बोलावते.

मी हसलो. तिने हसू दिलं. दिवेलागणीला तिने रेनानची टोपी कॉम्प्युटरवर ठेवली, छोटी घंटा वाजवली आणि हाक मारली, रेनान, ये. कारखान्यातली एक बाई त्याच्या वतीने म्हणाली, येतोय. असं तीनदा. तिसऱ्या वेळी दोन्याचा आवाज फाटला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

१६ एप्रिल, शनिवार

चालू झालं.

पिवळी खूण गेली. अनोळखी उपकरण यादीत आहे, पाचवरच आहे, पण आता भांडण नाही. सुया एकदम खाली आल्या आणि ड्रॅगनचा पंख बरोबर त्याच टाक्यापासून पुढे सुरू झाला. बायका टाळ्या पिटायला लागल्या. दोन्याने यंत्राशेजारी सूपची वाटी ठेवली.

कुठेतरी ढिला जोड असणार, तो रात्रीच्या थंडीने आवळला. मी एवढंच मानतो. पण झालं! लिंबर्त सुरितोने सुरू केलेली एक गोष्ट पुरी झाली.

२४ एप्रिल, रविवार

नाइदा आली. दारावर टक-टक, मग जरा थांबून एक टक. ही तिची खूण, कोचाबांबापासूनची. 

तिने यंत्र पाहिलं, ड्रॅगनवरून बोट फिरवलं, खरंच खूश झाली. म्हणाली, बघ, जमतं तुला. मी म्हटलं, मग आता आपलं बोलू. ती म्हणाली, तेच बोलायला आलेय. जूनमध्ये ती स्पेनला चाललीय. मावशी तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करते, तिथेच काम लावलंय. कधी परतणार म्हटलं तर माहीत नाही. म्हणाली, तू हे माझ्यासाठी केलंस असं समजू नकोस रे, स्वतःसाठी केलंस, तेच छान आहे. माझा गाल थोपटला. लहान पोराचा थोपटतात तसा.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. चांगलं नाही बोललो. ती निघून गेली. स्कार्फ मागितलाही नाही.

२६ एप्रिल, मंगळवार

दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी केलं.

तिचा स्कार्फ कॉम्प्युटरवर पसरला. घंटा वाजवली. नाइदा, ये. तिच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं म्हणून मीच म्हटलं, येतेय. तीनदा. विश्वास होता असं नाही. राग होता. ती जाऊ नये, तिचं थोडंसं माझ्याजवळ राहावं, एवढंच हवं होतं. माणूस भिंतीवर नाव कोरतो तसं.

यंत्र टाका घालता घालता क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. बस.

२८ एप्रिल, गुरुवार

यंत्र बंद पडलं. पिवळी खूण परत आली. यादी उघडली तर पाच नंबरवर आता दोन अनोळखी उपकरणं. एकाखाली एक, दोन्ही बिननावाची.

सुया मधूनच कोऱ्या मखमलीवर आपटतात. दोरा नसताना.

टक-टक. टक.

३० एप्रिल, शनिवार

नाइदाची खोलीसोबतीण एल्वा दारात आली आणि माझ्यावर तुटून पडली. म्हणाली, काय बोललास तिला त्या दिवशी, भांडकुदळा? नाइदा मंगळवारी दुपारी वॉर्डात उभी असताना हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. हलवलं तर हलते, बसवलं तर बसते. डोळे उघडे, पण खात नाही, बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, शरीर ठणठणीत आहे.

मंगळवारी दुपारी.

तिला खोलीवर आणून झोपवलंय, तिथे जाऊन पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी दिसत होतो, आरशात दिसतो तसा. मागे कुणी नव्हतं.

१ मे, रविवार

दोन्ही उपकरणं पुसली. कॉम्प्युटर चालू केला. नवीन हार्डवेअर सापडले. नवीन हार्डवेअर सापडले. लागोपाठ दोनदा.

ड्रायव्हर काढले. डिस्क बदलली. पुन्हा दोनदा.

बंद करतो तेव्हा ते टकटकणं मध्येच तुटतं. दार वाजवणाऱ्या माणसाचा हात धरावा तसं. आता बंद करवत नाही.

२ मे, सोमवार

दोन्याला सगळं सांगितलं. तिने माझ्या थोबाडीत मारली, मग स्वतःच्याही. म्हणाली, जिवंत बाईचा अहायू लोखंडात बोलावलास? अरे, तो तिच्या अंगाशी बोलावतात, अंगापासून दूर नाही. हे शेंबडं पोरही जाणतं.

मी तिचे पाय धरले. म्हणाली, उपाय एकच. पहाटे स्कार्फ घेऊन निघ, नावाने हाका मारत तिच्या खाटेपर्यंत जा, स्कार्फ तिच्या अंगावर घाल. वाटेत मागे वळून बघायचं नाही. बघितलंस तर येणारा दचकेल, आणि मग कायमचा गेला.

मग ती बराच वेळ यंत्राकडे बघत बसली. काय विचार करत होती कोण जाणे.

३ मे, मंगळवार

गेलो. चार गल्ल्या. नाइदा, ये. नाइदा, चल. तोंडातून वाफ, पायाखाली गोठलेली डबकी. माझ्यामागे कुणीतरी होतं. डबक्यांवरचा बर्फ माझ्यानंतर पुन्हा एकदा मोडत होता. पण वळलो नाही. देवाशपथ वळलो नाही.

स्कार्फ अंगावर घातला. नाइदाने श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा. उठून बसली. म्हणाली, भूक लागलीय.

मी रडलो. एल्वा रडली. तिने पाव मागितला, दोन खाल्ले, बोटं चाटली.

४ मे, बुधवार

पाव ती डाव्या हाताने मोडत होती. काल आनंदात मला दिसलंच नाही.

नाइदा उजव्या हाताची आहे.

आज भेटायला गेलो. तिने मला ओळखलं, म्हणजे ‘कॉम्प्युटरवाला पोरगा’ म्हणून ओळखलं. विचारलं, ड्रॅगन झाला का पुरा? बोर्ड कुठला टाकलास?

५ मे, गुरुवार

ती कारखान्यात आली. दार वाजवलं नाही. खांद्याने ढकललं, आपल्या घराचं ढकलतात तसं. खिळ्यावरची कात्री न बघता काढली आणि यंत्रावर लोंबणारा दोरा कापला. डाव्या हाताने. कच्चकन.

मग म्हणाली, आई, केवढी वाळलीस गं.

दोन्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. मी ओरडलो, ही नाइदा नाही, दोन्या, हा रेनान आहे, चुकीचा आला, परत ने त्याला! दोन्या माझ्याकडे बघेना. तिने स्टूल पुढे ओढलं, त्यावरची धूळ पुसली. अगदी हळू म्हणाली, मुलगी उठली, जेवते, बोलते. तुला अजून काय पाहिजे रे पोरा?

मी वळून बघायला हवं होतं. वळलो असतो तर तो दचकला असता, गेला असता—

६ मे, शुक्रवार

यादी उघडली. पाच नंबरवर आता एकच. बिननावाचं.

टक-टक. टक.

मी पेटीच्या पत्र्यावर बोटाने तसंच वाजवलं. सुया थांबल्या. मग वाजल्या, घाईघाईने, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा—

ती आत आहे. तिला कळतंय.

८ मे, रविवार

स्कार्फ चोरून आणला. हाका मारत चार गल्ल्या गेलो, आलो. मागे कुणी नाही. बर्फ एकदाच मोडतो. कुठे येणार ती? तिच्या अंगात जागा कुठाय? ओळ एक, आणि त्यावर दुसरा बसलाय.

एल्वाला सांगितलं. तिने दार लावून घेतलं. म्हणाली, तुझ्यामुळेच तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, पुन्हा दिसलास तर पोलिसांना बोलावीन.

संध्याकाळपासून नाइदा दोन्याकडेच राहते. रेनानच्या खोलीत.

९ मे, सोमवार

कार्ड घेऊन पळून जावं म्हटलं. खाचेतून उपसलं. हातात आधी गरम. मग कोमट. मग थंड होत चाललं, थंड— घाबरून परत बसवलं. बराच वेळ काही नाही. काहीच नाही.

मग एक टक. बारीक.

पुन्हा नाही काढणार.

१० मे, मंगळवार

ड्रॅगन पुरा झाला. यंत्राने नाही. तिच्या हातांनी, त्याने.

दोन्या आज माझ्याशी प्रेमाने बोलली. सूप दिलं. म्हणाली, आता या यंत्राची गरज नाही, हात परत आले. गुरुवारच्या बाजारात सगळं सुटं सुटं विकते, कार्ड एकाला, बोर्ड दुसऱ्याला. तूही घरी जा, आईला भेट.

मी म्हटलं, आणि ती? आत आहे ती?

दोन्याने माझ्या वाटीत अजून एक बटाटा घातला. म्हणाली, माझा एक वर्ष होता आत. कुणी विचारलं?

तो कात्रीला धार लावत बसला होता. नाइदाच्या तोंडाने हसला. म्हणाला, मित्रा, आत दुखत नाही. फक्त कुणी बोलत नाही.

११ मे, बुधवार

उद्या बाजार.

चालू कॉम्प्युटर लांब वायरसकट जिन्याने माझ्या खोलीत ओढून आणला. यंत्राची केबल जिन्यावरून खाली सोडलीय. दार लावलंय. खाली सुया वाजतायत.

विचार करून करून एकच दिसतं. तिला अंग नाही. माझ्याकडे आहे. मी ओळीत शिरलो की हे अंग मोकळं. ती उठेल माझ्या पायांवर. माझा आवाज, माझा दुखरा अंगठा— नाइदा, माफ कर, दुसरं काही नाही माझ्याजवळ द्यायला. मी तिच्या अंगात शिरलेल्या त्याला हाकलू शकत नाही. स्वतःला हाकलू शकतो.

ती बाहेर पडेपर्यंत ओळीवर दोघं. दोघंही मुके. चालेल. तेवढंच सोबत.

माझी टोपी ठेवलीय पेटीवर. स्कार्फ माझ्याच गळ्यात, म्हणजे तिला वाट कळेल. घंटा आहे. माझ्या वतीने ‘येतोय’ म्हणायला कुणी नाही. मीच म्हणतो, आणि लिहितो. लिहिलेलं पुसलं जात नाही.

लिंबर्त, ये. येतोय.

पडदा लुकलुकला. नवीन हार्डवेअर—

जिन्यावर पावलं. दोन्याची नाहीत, हलकी आहेत. कात्री उघडतेय, मिटतेय. केबल जिन्यावर आहे. केबल—

लिंबर्त, ये. येतोय.

बोटं गार पडली. अक्षर वाकडं येतंय. खाली सुया जोरात. ती ऐकतेय. थांब नाइदा, आता एकच राहिली, ही गोष्ट तरी मी पुर—

कच्च. केबल गेली. सुया थांबल्या.

लिंबर्त, ये. ये